दुसऱ्या रिमोटला स्टार्ट नाही : एका जुन्या व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार. खानापूर

यंदा कौलांची परतणी राहून गेली आणि पहिल्याच मोठ्या पावसात माळा गळला. सामान खाली उतरवताना ट्रंकेत आमचा व्हिडिओ गेम सापडला. सोबत दोन रिमोट, एक पिस्तूल, एक अडॅप्टर, सहा कॅसेट. कार्ट्रिज, कन्सोल, कंट्रोलर हे शब्द आम्हा भावंडांना फार पुढे कळले. आमच्यासाठी ती कॅसेट, तो रिमोट आणि मधला डबा म्हणजे ‘व्हिडिओ गेम’. इथेही तेच शब्द वापरते.

१९९७ च्या दिवाळीला बाबांनी बोनसच्या पैशातून बेळगावहून आणला होता. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण खोक्यावर एक, डब्यावर दुसरं आणि अडॅप्टरवर तिसरंच आहे. माल अस्सल नव्हे. निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या व्हिडिओ गेमची ही नक्कल. त्या काळात आमच्या गल्लीत जे जे व्हिडिओ गेम होते ते सगळे असेच, आणि अस्सल म्हणून काही असतं हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

बाबा म्हणाले, “अगं, ते अजून चालतंय व्हय?” बघते म्हटलं.

दादा गणपतीला पुण्याहून येतो. चतुर्थी २७ ऑगस्टला. तोवर चालू करायचा, एवढंच ठरवलंय. आणि एक खाज म्हणून वहीत तीन रकाने पाडलेत : मूळचा, नकलेचा, आमचा. दिसेल तो प्रत्येक दोष या तिन्हींपैकी एकात टाकायचा. दिवसभर मी कारखान्यात लोकांच्या जॉबमधले दोष शोधते, त्यामुळे रविवारीही हात तिकडेच जातो.

१८ जून, बुधवार. अनगोळ

घरी आणून उघडला. सहापैकी चार स्क्रू गंजलेले, एकाचं डोकंच गोल झालेलं. त्यावर रबरबँड ठेवून पेचकस दाबला तेव्हा कुठे सुटला. आत झुरळांच्या अंड्यांची टरफलं आणि एक हरवलेलं एक रुपयाचं नाणं. ते दादाचं की माझं यावर अजून वाद होऊ शकतो.

बोर्ड पोस्टकार्डापेक्षा लहान. डबा एवढा मोठा आणि आत नुसती पोकळी. अस्सल फॅमिकॉममध्ये रिकोचा २ए०३ हा प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप वेगळी, आणि कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. इथे सगळं एकाच चिपमध्ये कोंबून, बोर्डावर बसवून, वरून काळ्या इपॉक्सीचा थेंब सोडलाय. डांबराचा ठिपका पडावा तसा दिसतो. याच युक्तीमुळे आमच्यासारख्यांच्या घरात व्हिडिओ गेम आला हे खरं. पण त्या थेंबाखाली काही बिघडलं तर दुरुस्ती नाही. चिप बदलता येत नाही, तिच्या पायांवर प्रोब टेकवता येत नाही.

पहिली नोंद : नकलेचा.

२२ जून, रविवार

आज पॉवर. अडॅप्टर जुन्या पद्धतीचा, आत ट्रान्सफॉर्मर असलेला वजनदार ठोकळा. वर लिहिलंय ९ व्होल्ट. मोकळा मोजला तर १३.४. डबा जोडून मोजला तर ११.४. यात खोटेपणा नाही, असे अडॅप्टर नियंत्रित नसतात. लोड कमी असला की व्होल्टेज वर चढतं, आणि घरातल्या लाईनचं व्होल्टेज वर गेलं की हेही वर जातं. आमच्या लहानपणी खानापुरात संध्याकाळी बल्ब पिवळा पडायचा आणि रात्री अकरानंतर एकदम पांढरा व्हायचा. म्हणजे डब्याला मिळणारी वीज रोज वेगळी.

आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर. येईल ते व्होल्टेज खाऊन तो ५ व्होल्ट पुढे देतो आणि उरलेलं उष्णता म्हणून टाकतो. हिशेब मांडला : डबा २७० मिलिअँपिअर ओढतो. ११.४ वजा ५ म्हणजे ६.४, गुणिले ०.२७, म्हणजे साधारण पावणेदोन वॉट. उघड्या ७८०५ ला दर वॉटमागे साधारण ६५ अंश चढतात. इथे त्याला उष्णता उतरवायला पत्र्याचा तुकडासुद्धा लावलेला नाही. एकशे दहा अंश वाढ, त्यात खोलीचे सव्वीस. ही चिप मरणाच्या उंबऱ्यावर बसून काम करत होती.

तासाभराने मारिओ थिजायचा आणि आई म्हणायची, “तापलंय ते, आता अभ्यासाला बसा.” ती नेमकं बोलत होती. ७८०५ फार तापला की स्वतःच बंद होतो, तशी सोय त्याच्या आतच असते.

आणखी एक गोष्ट. अडॅप्टरच्या पिनेत मधला खांब उणे आहे. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरांत मधला अधिक असतो. म्हणजे जुना अडॅप्टर गेला, दुकानातून ‘९ व्होल्टचा द्या’ म्हणून नवा आणला आणि लावला की खेळ खलास. ही खोड मात्र नकलेची नव्हे. अस्सल फॅमिकॉमच्या १० व्होल्टच्या अडॅप्टरातही मधला खांब उणेच होता, नकलेने तो इमानदारीने उचलला. आणि उलट वीज आली तर अडवायला साधा एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), तो काही घातला नाही.

पत्रा नसणं : नकलेचा. उलटी पिन : मूळचा.

२९ जून, रविवार

पाऊस. करंट सकाळपासून चार वेळा गेला.

उपाय ठरला आणि तो माझ्या डोक्यातला नव्हे. निन्टेंडोने हेच यंत्र १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस म्हणून आणलं तेव्हा त्याला ९ व्होल्ट एसीचा अडॅप्टर दिला आणि ब्रिज यंत्राच्या आत बसवला. चार डायोडांचा ब्रिज असला की पिन सुलटी असो की उलटी, आत जाते ती वीज सुलटीच. मीही चार १एन४००७ जोडून ब्रिज केला आणि राउटरला लागतो तसला ९ व्होल्टचा नियंत्रित अडॅप्टर घेतला. ब्रिजमध्ये दीड व्होल्ट जातं, ७८०५ च्या वाट्याला अडीच उरतं, म्हणजे पाऊण वॉटच्या आत. ब्रिजमुळे दोन कामं झाली. शिवाय कारखान्याच्या भंगारातला अॅल्युमिनियमचा तुकडा (परवानगी घेऊन) भोक पाडून मागे बसवला. तासभर चालवून बोट लावलं, कोमट.

दोन्ही कपॅसिटरही बदलले. एकाचं डोकं फुगलं होतं. अठ्ठावीस वर्षांनी ते कुणाचंही फुगेल, त्याला रकाना नाही.

५ जुलै, शनिवार

भिंतीवरच्या टीव्हीला लावला. चित्र आलं, पण थरथरणारं, आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी स्वतःच्या मापात बसवतो, त्यात वेळ जातो. खड्डा समोर दिसतो आणि आपण त्यात गेलेलो असतो.

शेवटी वन्संच्या घरून डबा टीव्ही आणला. रिक्षावाला म्हणाला, “अक्का, भंगारात द्यायचा काय?” नाही म्हटलं, घ्यायचा.

अँटेनाच्या वायरने जोडला तर मुंग्याच मुंग्या. पिवळ्या-पांढऱ्या एव्ही वायरने जोडला तर चित्र स्वच्छ. इथे नकलेला शाबासकी द्यायला हवी, कारण १९८३ च्या अस्सल फॅमिकॉमला फक्त अँटेनाचीच वाट होती. एव्ही त्याला थेट १९९३ च्या नव्या रूपात मिळालं. गंमत अशी की अमेरिकेतल्या एनईएसला एव्ही पहिल्यापासून होतं आणि तिथे १९९३ मध्येच आलेल्या सुधारित एनईएसमधून ते काढून टाकलं. एकाच कंपनीने एकाच वर्षी एका देशात दोष काढला आणि दुसऱ्या देशात घातला.

उद्या आषाढी. साबुदाणा भिजत घालायचाय. सोल्डरिंग बंद.

१३ जुलै, रविवार

चित्र आता येतं, पण सहापैकी चार कॅसेट लावल्या की नुसते उभे पट्टे आणि मधेच अक्षरांचा चिवडा.

काल अर्धा दिवस सुट्टी होती म्हणून बोर्ड घेऊन बाजारात एका जुन्या रिपेरीवाल्या काकांकडे गेले. पूर्वी ते हेच करायचे, आता मोबाईलचे काचफोड बघतात. त्यांनी काळा थेंब पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “आगंगिल्ल री.” मग माझ्या तोंडाकडे बघून मराठीत, “हे गेलं असेल तर होणार नाही. पण आधी खाचेतल्या पिना बघा. नव्वद टक्के तेच असायचं.” पैसे घेतले नाहीत.

तेच होतं. कॅसेटच्या खाचेत साठ पिना, तीस अशा आणि तीस तशा. वर्षानुवर्षं कॅसेट कोंबून, तिरकी ओढून त्यातल्या सात-आठ पसरल्या होत्या. साडी पिनेच्या टोकाने एकेक आत वळवली. दीड तास लागला, मान अवघडली.

आता फुंकर. आम्ही प्रत्येक कॅसेट लावण्याआधी तोंडात धरून बासरीसारखी फुंकायचो. दादाची फुंकर जास्त ‘लागते’ असा घरात समज होता. खरं तर फुंकरीने काहीच होत नाही. कॅसेट काढून परत लावली की पिना नव्या जागी टेकतात आणि खेळ चालतो, श्रेय फुंकरीला जातं. उलट तोंडाची वाफ कॅसेटच्या पट्ट्यांवर बसते आणि तांबं हिरवं पडतं. खानापूरच्या पावसाळ्यात तर आधीच भिंतींना घाम फुटलेला असतो. आमच्या कॉन्ट्राच्या कॅसेटवर अख्खी हिरवी रांग होती. निन्टेंडोही फुंकू नका म्हणूनच सांगायचं, पण ते सांगणं आमच्या गल्लीपर्यंत पोचलं नव्हतं.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानातल्या काडीचा कापूस, हलक्या हाताने. खोडरबर वापरू नये, मुलामा आधीच नावाला असतो तो निघून जातो. पाच कॅसेट चालू झाल्या. सहावी मेली, तीत म्हणे ९,९९९ खेळ होते. खरे सातच. उरलेले तेच सात वेगवेगळ्या पायऱ्यांपासून सुरू होणारे.

पिना पसरणं : नकलेचा (पत्रा पातळ). हिरवी रांग : आमचा.

१५ जुलै, मंगळवार

आज मुद्दाम नोंद. १९८३ साली याच तारखेला जपानमध्ये फॅमिकॉम विकायला आला, १४,८०० येनला. रचना मासायुकी उएमुरा यांची.

आणि आल्या आल्या अडखळला. सुरुवातीच्या यंत्रांत बोर्डातल्या दोषामुळे खेळ कोसळायचे. निन्टेंडोने माल परत बोलावला आणि बोर्ड बदलून दिले. सुरुवातीच्या रिमोटांना चौकोनी रबरी बटणं होती, ती दाबून दाबून कडेला अडकायची, झिजायची, म्हणून पुढे गोल टणक प्लास्टिकची केली. रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले, वायर आखूड. म्हणजे वायर तुटली की अख्खा डबा उघडा. आमच्या नकलेत रिमोटना नऊ पिनांचे सॉकेट आहेत, काढता-घालता येतात. दुसरी शाबासकी.

सगळ्यात बदनाम दोष मात्र आमच्या वाट्याला आलाच नाही. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा बसला होता, दुकानदार नाव घेऊ देत नव्हते. म्हणून एनईएस खेळण्यासारखा न दिसता व्हीसीआरसारखा दिसावा असा घडवला : झाकण उघडा, कॅसेट आडवी आत सरकवा, खाली दाबा. ती दाबताना आतल्या ७२ पिना दर वेळी वाकायच्या आणि हळूहळू सैल पडायच्या. त्यात भर कुलपाच्या चिपची. एक चिप यंत्रात, एक कॅसेटमध्ये, दोघींची बोलणी जुळली तरच खेळ सुरू. पिन जराशी सैल पडली की बोलणी तुटली, आणि यंत्र दर सेकंदाला स्वतःला रीसेट करत बसायचं. लाल दिवा लागतोय, विझतोय. म्हणजे नकली कॅसेट रोखायला ठेवलेला पहारेकरी पैसे देऊन अस्सल घेणाऱ्यालाच दाराबाहेर उभा करायचा. १९९३ च्या एनईएसमध्ये खाच वर आणली आणि पहारेकरीही काढला.

फॅमिकॉमला ते कुलूप नव्हतंच. म्हणून तर त्याच्या नकला झाल्या, म्हणून तर ९,९९९ खेळांची कॅसेट झाली, म्हणून तर खानापुरात मारिओ आला. कंपनीच्या वहीत हा दोषच असेल. माझ्या वहीत रकाना सापडेना, कोरा ठेवला.

निन्टेंडोने फॅमिकॉम बनवणं २००३ मध्ये थांबवलं आणि दुरुस्ती २००७ पर्यंत चालू ठेवली. चोवीस वर्षं स्वतःच्या मालाची दुरुस्ती. आमच्या डब्याच्या वॉरंटी कार्डावर पत्त्याच्या जागी नुसतं ‘भारत’ लिहिलंय.

२० जुलै, रविवार

लेकीने मोबाईलवर मारिओचं गाणं लावलं आणि मग आमच्या डब्याचं ऐकलं. म्हणाली, “आई, तुझा मारिओ नाकातून गातोय.”

मला हसू आलं, मग राग आला, मग शोधत बसले.

ती बरोबर आहे. फॅमिकॉमचे मुख्य दोन आवाज चौकोनी लहरीचे. लहर किती वेळ वर आणि किती वेळ खाली, यावर आवाजाचा पोत ठरतो : साडेबारा टक्के, पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर. नकलेच्या अनेक चिपांत पंचवीस आणि पन्नास यांची अदलाबदल झालेली असते. चिप नव्याने आखताना कुणाची तरी दोन टोकं उलटी जोडली गेली आणि ती चूक पुढच्या डब्यांत उतरत गेली. सूर तोच, पट्टी तीच, पण पेटीवरची चीज कुणी सनईवर वाजवावी तसं. मी अठ्ठावीस वर्षं जे गाणं गुणगुणतेय ते चुकीच्या वाद्यावरचं आहे.

वेगही वेगळा. खेळ जपानी, तिथला टीव्ही सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. आपला पन्नास. खेळाचं घड्याळ चित्रांच्या मोजणीवर चालतं, त्यामुळे मारिओ आपल्याकडे सहा पावलांच्या जागी पाचच टाकतो. युरोपातल्या अस्सल एनईएसचीही तीच गत, शिवाय तिथे प्रोसेसरही १.७९ ऐवजी १.६६ मेगाहर्ट्झवर चालायचा, म्हणून सूरही खाली उतरायचा. आमच्यासारख्या नकलेत प्रोसेसर १.७७ वर ठेवलाय. वेग मंद, पण सूर जवळजवळ जागेवर. अस्सल पाहुण्याला जे जमलं नाही ते नकलेला जमलं, आणि मग त्याच नकलेने आवाजाचा पोत घालवला.

हा दोष दुरुस्त करणं काळ्या थेंबामुळे अशक्य. खरं सांगायचं तर शक्य असतं तरी केला नसता. लेकीला मात्र नाकातला म्हणजे नाकातलाच वाटतो.

२६ जुलै, शनिवार

कॉन्ट्रात गोळ्यांचा पाऊस पडला की माणसं लुकलुकतात, अर्धी नाहीशी होतात. टीव्ही खराब आहे म्हणून आम्ही वरून थापट्या मारायचो. टीव्हीचा काही संबंध नव्हता. चित्राची चिप पडद्यावर एकूण ६४ हलते तुकडे ठेवू शकते, पण एका आडव्या ओळीत आठच. नववा आला की तो दिसतच नाही. मग खेळ लिहिणारे दर चित्राला क्रम फिरवत राहतात, म्हणजे एकच कायमचा गायब होण्याऐवजी सगळे पाळीपाळीने लुकलुकतात. मूळचा दोष, पण १९८३ च्या किमतीत आठही थोडे नव्हेत. याला दोष म्हणणं म्हणजे सायकलला गिअर नाही म्हणून नाव ठेवणं.

पिस्तूल फक्त डबा टीव्हीवर चालतं. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन, आणि नळीतला डोळा तो उजेड बघतो. नव्या टीव्हीचा उजेड उशिरा येतो आणि त्या डोळ्याला ओळखीचाही वाटत नाही. लेकीने दहापैकी आठ बदकं मारली. पिस्तूल टीव्हीला टेकवून. आम्हीही तेच करायचो, सांगितलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

रिमोट. ज्यासाठी हे सगळं चाललंय ते हे.

पहिला दादाचा : चार दिशांचं बटण, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट. दुसरा माझा : दिशा, ए, बी. बस्स. स्टार्ट नाही, सिलेक्ट नाही. खेळ कुठला हे दादा ठरवणार, सुरू कधी हे दादा ठरवणार, थांबवायचा कधी हेही दादाच. मारिओत माझी पाळी आली की मी खड्ड्यावरून उडी मारायची आणि हा अधांतरी पॉज करून पाणी प्यायला जायचा. परत आल्यावर सोडायचा आणि मी हमखास खड्ड्यात. एकदा रडून आईकडे गेले तर आई म्हणाली, “तूही थांबव की मग.” तिला कसं सांगणार, बटणच नाही.

इतकी वर्षं वाटायचं की नकलेवाल्याने दोन बटणांचे पैसे वाचवले. तसं नाही. अस्सल फॅमिकॉमच्याही दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्ट नव्हते. त्यांच्या जागी एक मायक्रोफोन होता आणि आवाज कमीजास्त करायची पट्टी. वापरणारे खेळ थोडेच. झेल्डात पोल्स व्हॉइस नावाचा मोठ्या कानांचा राक्षस आहे, जपानमध्ये मायक्रोफोनात ओरडलं की तो मरायचा. नकलेवाल्याने मायक्रोफोन काढला आणि बटणं मात्र परत दिली नाहीत.

म्हणजे अर्धा मूळचा, अर्धा नकलेचा. तिसऱ्या रकान्यात दादाचं नाव लिहिलं.

माझा रिमोट उघडला आणि बराच वेळ बघत बसले. आतल्या बोर्डावर स्टार्ट आणि सिलेक्टचे काळे कंगवे छापलेले आहेत. दोन्ही. पहिल्या रिमोटचा बोर्ड आणि दुसऱ्याचा बोर्ड एकच. फक्त वरच्या प्लास्टिकला भोकं पाडली नाहीत आणि खाली रबर ठेवलं नाही. बटण होतं, झाकलेलं होतं.

१० ऑगस्ट, रविवार

व्हर्निअरने पहिल्या रिमोटच्या भोकांची मापं घेतली, दुसऱ्याच्या झाकणावर खुणा केल्या, बारीक ड्रिलने भोकं पाडून कानसीने लांबट केली. एक मेलेला रिमोट बाजारात मिळाला, त्याचं रबर कापून बसवलं. पहिल्या सॉकेटला लावून बघितला : स्टार्ट चालतो! घरात एकटी होते, तरी टाळी वाजवली.

दुसऱ्या सॉकेटला लावला, मारिओ सुरू केला, लुईजीची पाळी येऊ दिली, उडी मारली, स्टार्ट दाबला.

काही नाही. खड्ड्यात.

मारिओचा प्रोग्राम पॉजसाठी फक्त पहिल्या रिमोटकडे बघतो, खेळत कुणीही असो. का बघेल दुसऱ्याकडे? लिहिणाऱ्याला माहीत होतं की दुसऱ्याला ते बटण नाही. प्लास्टिकमध्ये भोक पाडून भागत नाही. कॅसेटच्या आत जे लिहिलंय ते माझ्या ड्रिलला ऐकत नाही.

नवरा म्हणाला, “मग तू पहिला रिमोट घे की.” तेवीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा अनुभव आहे या माणसाला.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी. दुसऱ्या रिमोटला पाच वायरी : ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. आठ बटणांची खबर डेटाच्या एकाच वायरीतून एकामागून एक जाते, त्यामुळे मधेच त्यातला स्टार्ट उचलून पहिल्याच्या रांगेत घुसवणं माझ्या आवाक्यातलं नाही.

सोपी वाट सापडली. पहिल्या रिमोटचा स्टार्ट म्हणजे तरी काय, दोन कंगवे, रबर दाबलं की जोडले जाणारे. त्या दोन कंगव्यांना दोन बारीक वायरी सोल्डर करायच्या आणि लांब नेऊन त्यांच्या टोकाला एक छोटा पुश स्विच. तिथे दाबला काय, इथे दाबला काय, यंत्राला पहिल्याच रिमोटचा स्टार्ट वाटणार.

१७ ऑगस्ट, रविवार

झालं. पहिल्या रिमोटमधून दोन मीटर वायर काढली, दुसऱ्याच्या वायरीला दोन-दोन वितींवर बांधली. स्विच बसवला तो गेल्या रविवारी पाडलेल्या स्टार्टच्या भोकात. खाली कंगव्यावर इन्सुलेशन टेप. भोक वाया गेलं नाही. सिलेक्टचं गेलं.

पहिल्या रिमोटच्या वायरीत तोंडाशीच एक तार तुटकी होती, म्हणून उजवी दिशा मधेच दगा द्यायची. चार सेंटिमीटर कापून नव्याने जोडली. तिथे वायर वाकू नये म्हणून रबरी बूच हवं असतं, ते नव्हतंच. नकलेचा.

दोन तास सलग चालवलं. ७८०५ कोमट. एकदाही थिजला नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार. खानापूर

काल प्रतिष्ठापना, मोदक, आरती, पाहुणे. आज दुपारी सगळे पडले तेव्हा डबा टीव्ही पुढच्या खोलीत मांडला. दादाने बघितलं आणि मांडी घालून बसला. हात न बघता पहिल्या रिमोटकडे गेला. वायर जाड का झालीय हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

दुसरा रिमोट लेकीला दिला. तिला आधी समजावून ठेवलं होतं.

दादा अजून चांगला खेळतो. तिसऱ्या पायरीवर लांब खड्डा आला, त्याने पळत येऊन उडी घेतली आणि लेकीने बटण दाबलं. मारिओ हवेत. गाणं बंद.

दादा थांबला. हातातल्या रिमोटकडे बघितलं, स्वतःचा अंगठा स्टार्टवर नाही याची खात्री केली. लेक टीव्हीकडे बघत बसलेली, चेहरा साधा. दुसऱ्या रिमोटकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

“हँग झालं गं,” म्हणाला. “कॅसेट हलली असणार.” आणि मी ‘अरे’ म्हणायच्या आत त्याने कॅसेट उपसली, तोंडात आडवी धरली आणि फुंकली.

संध्याकाळी अल्कोहोलने परत पुसली. आमचा.